पहिलं स्नॉर्कलिंग: प्रवाळाकडे जाण्याआधी नाशकातच करायच्या गोष्टी

गोदाकाठी वाढलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, असा आपला एक गोड समज आहे. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय की छातीला, यावर चहा पिता पिता वाद घालणारे आपण. मीही लहानपणी गांधी तलावात उड्या मारत पोहायला शिकलो. त्यामुळे अंदमानात स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, एलिफंट बीचला पहिल्यांदा स्नॉर्कलिंगला (मास्क लावून, नळीने श्वास घेत, पालथं तरंगत पाण्याखालचं बघायला) उतरलो तेव्हा गाईड काय सांगतोय तिकडे माझं निम्मं लक्षच नव्हतं. पुढची वीस मिनिटं मी खारं पाणी प्यायलो, खोकलो आणि मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढत बसलो. नीट पाहिल्या त्या फक्त गाईडच्या टाचा.

बरोबर आमच्या काकू होत्या. वय एकसष्ट, जन्मात कधी पोहलेल्या नाहीत. लाइफ जॅकेट घालून, रिंगेला धरून, त्या अर्धा तास पाण्यात तोंड घालून निवांत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अरे, तो पोपटासारखा मासा दगड कुरतडतो, त्याचा आवाजसुद्धा येतो. ऐकलास ना?" मी काय ऐकणार!

काकू रोज पहाटे प्राणायाम करतात. स्नॉर्कलिंगला पोहणं थोडंसंच लागतं, बाकी सगळा श्वासाचा कारभार. तोंडाने, सावकाश, चेहरा पाण्यात ठेवून. तो समुद्रात जाऊन शिकायचा म्हटलं तर पैसे मोजून घेतलेला वेळ खोकण्यात जातो. घरी शिकायला बादली पुरते. म्हणून आपण बाथरूमपासून सुरुवात करू.

आधी तब्येतीचं

दमा, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास, न आवरलेला रक्तदाब, गरोदरपण यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. पन्नाशीच्या पुढच्यांनी हे विचारणं टाळूच नये. पाण्यात आडवं पडलं की हृदयावर आणि फुप्फुसांवर वेगळा भार येतो. सर्दी झालेली असेल तर तो दिवस सोडून द्या. आदल्या रात्री दारू नको, आणि उतरायच्या सकाळी तर्रीदार मिसळही नको. नळीतून घेतलेल्या प्रत्येक श्वासाला तिची आठवण येते.

मास्क निवडताना

भाड्याने मिळणारा मास्क चालतो, पण एकच वस्तू स्वतःची घ्यायची असेल तर मास्क घ्या. नळी आणि फिन्स (पायात घालायची वल्ह्यासारखी चपटी पावलं) कुणाच्याही चालतात, चेहरा मात्र प्रत्येकाचा निराळा. दुकानात गेल्यावर पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच हवा आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. गळून पडला तर कितीही देखणा असो, परत ठेवा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते आणि वर कपाळावर वळ उठतो. काच टेम्पर्ड असावी, कडेचा भाग सिलिकॉनचा असावा आणि नाक आत झाकलेलं असावं. पोहण्याचा साधा गॉगल इथे कामाचा नाही.

मिशीवाल्यांसाठी एक वाईट बातमी. सिलिकॉनची कड मिशीवर बसते आणि केसांमधून पाणी झिरपत राहतं. माझ्या त्या वीस मिनिटांतलं निम्मं पाणी मिशीतून आलेलं होतं. नाकाखालची अर्धी बोट पट्टी साफ करा, नाहीतर मिशीवर व्हॅसलीन थापा. बायकांनी कपाळावरच्या बटा कडेखाली अडकत नाहीत ना ते पाहावं.

चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेले मास्क मिळतात. नंबर कमी असेल तर त्याशिवायही भागतं, कारण पाण्यात मास्कमधून बघताना वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि सुमारे एकतृतीयांश मोठी दिसते. गाडीच्या बाजूच्या आरशासारखा, पण उलट, हा फसवा प्रकार लक्षात ठेवा: प्रवाळ हातभर लांब वाटलं तरी ते थोडं पुढे असतं, आणि परत आल्यावर सांगितलेला मासा नेहमी जरा लहान असतो.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक अदृश्य थर असतो. तो गेला नाही तर काच सारखी धुकट होते. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चांगली घासा, धुवा, पुन्हा घासा. नंतर दरवेळी उतरण्याआधी काचेला आतून थुंकी लावून पाण्यात एकदा खळबळून घ्यायची. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब. थुंकी जास्त चांगली चालते, असं माझं मत.

पूर्ण चेहरा झाकणारा, डोक्यावर नळी निघालेला मास्क हल्ली फार दिसतो. नवख्याला तो सोपा वाटतो. मी तो घेणार नाही. काही बनावटींमध्ये सोडलेली हवा आतच फिरत राहण्याची भीती असते, आणि घाबरल्यावर तो एका झटक्यात काढता येत नाही. साधी नळी तोंडातून नुसती थुंकून टाकता येते.

नळीवरून आमच्या घरातल्या पोरांना एक प्रश्न हमखास पडतो: ती मीटरभर लांब का करत नाहीत, म्हणजे आणखी खाली जाता येईल? दोन कारणं आहेत. खाली गेलं की छातीवर पाण्याचा दाब येतो आणि वरची हवा ओढायला बरगड्यांना तो दाब उचलावा लागतो. मीटरभरावर माणूस लगेच थकतो. दुसरं म्हणजे आपण सोडलेली वापरलेली हवा लांब नळीतच अडकते आणि पुढच्या श्वासाला तीच आत येते. म्हणून नळी जेमतेम हातभर असते. श्वास वरवरचा घेतला तर त्या छोट्या नळीतही हेच घडतं आणि गुदमरल्यासारखं वाटतं. सोडलेला श्वास पुरता सोडायचा, हे त्यावरचं एकमेव औषध.

बादलीतला धडा

मोठं टब किंवा रुंद बादली काठोकाठ भरा. मास्क लावा, नळीचं टोक दात आणि ओठांमध्ये धरा. चावू नका, जबडा दुखतो. गुडघ्यावर बसून चेहरा पाण्यात घाला आणि श्वास घ्या.

पहिल्या चार श्वासांत मेंदू ओरडेल की हे चुकतंय. नाकाने हवा ओढायची सवय जन्माची. ती मोडायला वेळ लागतो. मनात चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. दहा मिनिटं चेहरा न उचलता बसता आलं की अर्धं स्नॉर्कलिंग तुम्हाला आलं. घरचे हसतील, हसू द्या.

तलावातले चार दिवस

आता जलतरण तलाव. त्र्यंबक रोडवरचा सावरकर तलाव असो की तुमच्या भागातला दुसरा, जीवरक्षकाला आधी विचारा. मास्कला बहुधा हरकत नसते, फिन्सना कधी कधी असते. (भगूरच्या सुपुत्राच्या नावाच्या तलावात सराव करायचा आणि अंदमानात सेल्युलर जेल पाहायचं, हा नाशिककरांचा ठरलेला मार्गच म्हणा.) सराव दिवाळीच्या आसपास किंवा फेब्रुवारीनंतर करा. निफाडचा पारा खाली जातो त्या दिवसांत इथल्या पाण्यात श्वास सावकाश घेणं काही होत नाही. गंगापूर धरणावर मात्र सराव नको. गढूळ पाणी, अचानक खोल होणारा तळ आणि जवळ कुणी नाही, अशा जागी नवख्याने तोंड पाण्यात घालू नये.

पहिल्या दिवशी उथळ बाजूला कठडा धरून नुसतं पालथं तरंगायचं आणि श्वास. नदीत शिकलेल्यांची इथे खरी परीक्षा होते, कारण आपण मान वर काढून पोहतो. मान वर गेली की पाय बुडतात, नळी मागे कलते आणि पाणी आत येतं. नजर सरळ खाली, मान सैल. शरीराचं फळकूट झालं पाहिजे.

मग मुद्दाम नळी बुडवा. पाणी आत येईल. घाबरून डोकं वर काढायचं नाही; तोंडातल्या हवेने एकदाच जोरात फुंकायचं, फुग्यातला अडकलेला वारा सोडावा तसं. पाणी वरून उडून जातं. त्यानंतरचा पहिला श्वास अगदी हळू घ्यायचा, जिभेने थोडं अडवून, कारण थेंबभर पाणी उरलेलं असतं. फुंकण्यासाठी छातीत हवा हवी, म्हणून श्वास पूर्ण सोडून रिकाम्या छातीने बुडी मारू नये. हे निदान वीस वेळा करा. समुद्रात पहिली लाट नळीत शिरेल तेव्हा हात-पाय न झाडता फुंकर आपोआप यायला हवी.

मास्कमध्ये पाणी आलं तर: उभं राहून कड उचलून टाकणं सोपं, पण खोल पाण्यात उभं राहता येत नाही. मास्कची वरची कड कपाळावर दाबा, मान किंचित वर करा आणि नाकाने हवा सोडा. पाणी खालून निघतं. पहिल्या दोन-तीन वेळा नाकात जातं, मग जमतं.

आणि उताणं होणं. थकलं, घाबरलं, पेटका आला की नळी सोडून पाठीवर वळायचं आणि आकाश बघत श्वास घ्यायचा. मला विचाराल तर हे एक आलं की बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

फिन्स मिळाल्या तर पाय कमरेतून हलवा, गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे नाही. फिन्स घालून चालायचं झालं तर मागे मागे चालायचं, नाहीतर तोंडावर आपटाल. तलावात लाइफ जॅकेट घालूनही एकदा बघा: ते माणसाला उभं करायला बघतं, आपल्याला आडवं राहायचं असतं. खालचे पट्टे नीट आवळले की ते वर सरकत नाही. समुद्रात एक दिलासा मिळतो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, त्यामुळे तलावात तरंगलात तर तिथे आणखी सहज तरंगाल.

जायचं कुठे

जवळचं म्हणजे मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य झाला, आणि तिथल्या खडपांवर प्रवाळ आहे. मात्र अपेक्षा बेताची ठेवा. नद्यांचा गाळ येतो, पाणी बऱ्याचदा काही मीटरपलीकडे दिसत नाही आणि प्रवाळ ठिकठिकाणी ठिगळासारखं आहे. समुद्रातला पहिला श्वास घ्यायला मालवण उत्तम. फोटोतला रंगीत बगीचा तिथे शोधू नका. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही हिवाळ्यात पाणी निवळ. पावसाळ्यात हा विषयच नाही.

बगीचा हवा तर अंदमान किंवा लक्षद्वीप. अंदमानात वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट मला सगळ्यांत आवडलं. तिथे प्लास्टिक न्यायला बंदी आहे आणि ते वर्षभर खुलं नसतं, म्हणून आधी चौकशी करा. शहीद द्वीपवर, म्हणजे जुन्या नीलवर, भरतपूरचा किनारा उथळ आणि शांत, कुटुंबासाठी सोयीचा. अंदमानात दिवस आपल्यापेक्षा फार लवकर उजाडतो आणि लवकर मावळतो, तेव्हा स्नॉर्कलिंग सकाळीच उरका.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळाचीच बनलेली आहेत आणि कडेच्या प्रवाळामुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. नवख्याला यापेक्षा चांगली जागा आपल्या देशात नाही. भारतीयांनाही परवाना लागतो, तो आधी काढावा लागतो. गंमत अशी की नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कोकणातून थेट एर्नाकुलमला जाते, आणि कोचीहूनच पुढे अगत्तीचं विमान किंवा जहाज. नुसत्या नावामुळे गाडी लक्षद्वीपला जाते असं समजणारे आमच्या घरात दोघे निघाले.

भरती, ओहोटी आणि पंचांग

आपण घाटावरची माणसं. ग्रहण आणि चतुर्थीसाठी पंचांग उघडतो. समुद्रासाठीही ते उघडा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी जोरात चढतं-उतरतं आणि तळ ढवळतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे मंद. नवख्याने सहल त्या दिवसांत बसवावी. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बसतो. मालवणकडे भरती त्याआधी येते, म्हणून नेमकी वेळ होडीवाल्यालाच विचारा. भरती पुरी होऊन पाणी थबकतं तो वेळ सर्वांत चांगला. ओहोटीला पाणी इतकं कमी होतं की पोट प्रवाळावर घासतं, आणि त्यात दोघांचंही नुकसान.

होडीवाला "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. इतक्या लांबून आलोय, हे समुद्राला माहीत नसतं.

प्रत्यक्ष उतरताना

पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट आणि लांब पॅन्ट घाला. पाठ तासभर उन्हाकडे असते आणि पाणी गार असल्यामुळे भाजल्याचं रात्री कळतं. गुडघ्यामागची कातडी तर सगळेच विसरतात. कपड्याने अंग झाकलं की सनस्क्रीनही कमी लागतं. ते महत्त्वाचं, कारण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यातली दोन रसायनं प्रवाळाला अपायकारक म्हणून हवाईने २०२१ पासून अशा क्रीमची विक्रीच बंद केली. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

एकट्याने उतरू नका. होडीच्या कडेला बसून अलगद पाण्यात घसरा. उडी मारावीच लागली तर हाताने मास्क दाबून धरा. पहिली पाच मिनिटं कुठेही जायचं नाही. रिंग धरा, बादलीतले चार आणि सहा आकडे आठवा, श्वास जागेवर येऊ द्या. मग निघा. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणतं. दर दोन-तीन मिनिटांनी डोकं वर काढून होडी कुठे आहे ते पाहा. खालचं बघता बघता माणूस कुठल्या कुठे वाहून जातो.

खुणांचं एक लक्षात ठेवा. अंगठा वर दाखवणं म्हणजे पाण्यातल्या लोकांच्या भाषेत "वर चला". सगळं ठीक आहे, हे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून सांगायचं. खूश होऊन अंगठा दाखवलात तर गाईड तुम्हाला ओढत बाहेर काढील.

श्वास रोखून खाली बुडी मारायचा मोह होतो. पहिल्या खेपेला नको. विशेषतः भराभर मोठे श्वास घेऊन मग बुडी, हा प्रकार अजिबात नको. त्याने श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

खाली काय आहे

पहिलं आश्चर्य कानांना. मोहरी तडतडावी तसा सतत आवाज येत असतो. तो मुख्यतः चिमुकल्या कोळंब्यांच्या नांग्यांचा. मधूनच कुर्रकुर्र ऐकू आलं तर काकूंचा पोपटमासा. तो प्रवाळाचा कठीण भाग कुरतडतो, त्यावरची शेवाळी खातो आणि उरलेल्याची वाळू करून बाहेर टाकतो. ज्या पांढऱ्या वाळूवर तुम्ही टॉवेल पसरलाय, तिच्यातली बरीचशी या माशांच्या पोटातून आलेली असू शकते.

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव टाचणीच्या टोकाएवढा ते नखाएवढा, असे हजारो एकत्र राहून खाली चुनखडीचा सांगाडा बांधतात. त्यांच्या अंगात एकपेशी शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि घरमालकाला वाटा देतं. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग बहुतेक याच शेवाळाचा. म्हणून नवखे हमखास चुकतात: तपकिरी प्रवाळ पाहून "मेलेलं दिसतंय" म्हणतात आणि पांढऱ्याशुभ्र फांदीचा फोटो काढतात. खरं उलट आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभराने जरी जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तरी हे शेवाळ निघून जातं आणि सांगाडा पांढरा दिसू लागतो. ते प्रवाळ उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं आणि त्यावर मळकट शेवाळ चढतं. २०२४ मध्ये जगभर असं मोठं विरंजन, म्हणजे प्रवाळाचं पांढरं पडणं, झालं.

आणि आपल्या सराफ बाजारात मंगळासाठी अंगठीत बसवतात ते लाल पोवळं इथे शोधू नका. ती वेगळी जात, प्रामुख्याने भूमध्य समुद्रातली.

हात आवरा

कशालाही हात लावायचा नाही, कशावरही उभं राहायचं नाही. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं; तुमच्या एका पावलाखाली कुणाची तरी वीस वर्षं जातात. माशांना पाव-बिस्किट टाकायचं नाही, गाईड फोटोसाठी टाकत असेल तर त्यालाही नको म्हणा. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. देवघरात ठेवायला तुकडा आणला, ही सबब विमानतळावर चालत नाही.

हात न लावण्यात आपलाही फायदा आहे. खडकासारखा दिसणारा दगडमासा, काटेरी समुद्री साळू, चटका देणारं अग्निप्रवाळ हे सगळे हात लावणाऱ्यालाच भेटतात. काटा रुतला तर वर आलेला काढा, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा आणि डॉक्टरांकडे जा. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका. प्रवाळाने खरचटलेलं साधं वाटलं तरी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, ते चिघळतं. अंदमानात काही किनाऱ्यांवर मगरीच्या धोक्याच्या पाट्या आहेत. तिथे कुणी कितीही आग्रह केला तरी उतरू नका.

परत आल्यावर

दात वाजायला लागायच्या आत बाहेर या. पाणी कोमट असलं तरी तासाभरात अंगातली ऊब जाते. कान कोरडे करा, भरपूर पाणी प्या. स्कूबासारखं (हवेची टाकी पाठीला लावून खोल बुडी मारतात ते) विमान पकडायला थांबावं लागत नाही, त्याच संध्याकाळी उडालात तरी चालतं.

मास्क आणि नळी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत वाळवा आणि काच वर करून डब्यात ठेवा. उन्हात गाडीत राहिला तर सिलिकॉन खराब होतं. आमचा डबा आता पुतण्याने पळवलाय. रोज बादली अडवून बसतो, आणि घरात अंघोळीचा नंबर काही लागत नाही.